मनातलं मत यंत्रात कसं पोचतं?

मतदान यंत्राचं बटण दाबलं की बीप वाजतो. लांबलचक, थोडा कर्कश, पडद्याबाहेर स्पष्ट ऐकू जाईल असा. यंत्राला मत नोंदवायला क्षणभरही लागत नाही, मग आवाज एवढा का ताणलेला? मतदाराची खात्री पटावी म्हणून म्हणावं, तर त्याच्या डोळ्यांसमोर उमेदवाराच्या नावापाशी लाल दिवा लागलेला असतोच.

तो आवाज खोलीतल्या बाकीच्यांसाठी आहे. मतदान अधिकारी, पक्षांचे प्रतिनिधी, दाराशी रांगेत उभी असलेली माणसं, या सगळ्यांना आत गेलेल्या माणसाने कोणाला मत दिलं ते कळता कामा नये. पण त्याने मत दिलं, आणि एकच दिलं, हे मात्र कळलंच पाहिजे. म्हणून ‘कोणाला’ हे सांगायचं काम दिव्याकडे, जो फक्त मतदाराला दिसतो; आणि ‘दिलं’ हे सांगायचं काम आवाजाकडे, जो लपवता येत नाही. एक माणूस आत गेला आणि दोन बीप ऐकू आले, तर कोपऱ्यात पेंगणारा पक्षाचा प्रतिनिधीसुद्धा ताडकन उठेल. गुप्तता आणि साक्ष या एकमेकींच्या मुळावर येणाऱ्या दोन मागण्या. त्या एका दिव्याने आणि एका बझरने एकाच खोलीत नांदवल्या.

हे कोणीतरी बसून ठरवलेलं असतं. डिझायनर म्हटलं की आपल्याला कपडे, लोगो, फार तर लग्नपत्रिका आठवते. सार्वजनिक जीवनातला डिझायनर याहून वेगळं, बरंच कमी दिखाऊ काम करतो. नागरिकाच्या मनात जे आहे ते सरकारदरबारी जसंच्या तसं नोंदलं जावं, यासाठी मधली वाट तो आखतो. अर्ज, पाट्या, पावत्या, रांगा, यंत्रं हे सगळं त्या वाटेत येतं. पण ही वाट सर्वांत नीट दिसते ती मतदानात, कारण तिथे वाट चुकली की चूक आकड्यांत उमटते.

वाट कुठे कुठे फुटते

मत देणं ही एक कृती वाटते. प्रत्यक्षात त्यात चार टप्पे आहेत. आधी मनात ठरतं. मग आपल्याला हवं ते नाव किंवा चिन्ह शोधावं लागतं. मग त्याच्यासमोर खूण करायची. आणि शेवटी ती खूण टिकून, ओळखली जाऊन, मोजली जायची. पहिल्या टप्प्यावर पुढारी, वर्तमानपत्रं, घरचे आणि मोबाइल हक्क सांगतात. उरलेल्या तीन टप्प्यांवर मांडणीचं राज्य चालतं. भारतात गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत प्रत्येक टप्प्यावर एकेक गळती सापडत गेली आणि ती बुजवण्यासाठी काहीतरी नवं घडवलं गेलं. बऱ्याचदा घडवणाऱ्यांच्या पदनामात ‘डिझायनर’ हा शब्द नव्हता. काम मात्र तेच होतं.

खूण करायचीच नाही

१९५१ च्या जनगणनेनुसार देशातली साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. मतदार १७ कोटींहून जास्त. त्यातल्या बहुतेकांना नाव वाचता येत नव्हतं, आणि कित्येकांनी हातात पेन्सिलही धरलेली नव्हती. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या आयोगाने यावर शोधलेला तोडगा असा, की मतदाराला खूण करायलाच लावायची नाही. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवायची, तिच्यावर त्याचं चिन्ह चिकटवायचं. मतदाराने हातातला कागद हव्या त्या पेटीत टाकला की मत झालं. खुणेचा टप्पाच काढून टाकला, म्हणजे त्या टप्प्यावरची चूकही गेली.

यासाठी अर्थातच पेट्या लागल्या, आणि त्या अफाट लागल्या. त्यातल्या १२ लाखांहून जास्त पोलादी पेट्या मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाल्या. बाहेरून कुलूप लावायचं तर खर्च वाढत होता, म्हणून पेटीच्या आतच बसणारी कडीची रचना शोधली गेली. मतपत्रिका छापल्या नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसने, जिथे नोटा छापल्या जात. एरवी आपण या निवडणुकीची गोष्ट नेते आणि पक्ष यांच्यापुरती सांगतो. विक्रोळीच्या त्या कडीचं नाव कोणी घेत नाही.

ही रचना बिनचूक नव्हती. काहींनी कागद पेटीत टाकण्याऐवजी पेटीवर ठेवला. काही ठिकाणी पेटीची पूजा झाली. खरा धोका मात्र वेगळाच होता. कागदावर कसलीच खूण नसल्यामुळे मतदार तो खिशात घालून बाहेर आणू शकत होता आणि विकू शकत होता. विकत घेणारा असे कागद जमवून आपल्या माणसाच्या हाती देई, तो एकदम गठ्ठा पेटीत टाकी. एक गळती बुजवताना दुसरी उघडी पडली. डिझाइनच्या धंद्यात हे रोजचंच आहे.

आणखी एक गळती त्याहून आधीची होती, आणि तिथे कोणतीही पेटी कामी आली नसती. यादी करायला घरोघरी गेलेल्या माणसांना अनेक स्त्रियांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगितलं. सेन यांनी अशा नोंदी धरायला नकार दिला आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं यादीतून गळली. त्यांचा निर्णय तत्त्वाला धरून होता, आणि पुढच्या वेळी नाव सांगायची सवय लागावी हा हेतूही योग्यच. तरी मला राहून राहून वाटतं, की घराच्या उंबऱ्यावर प्रश्न कोणी विचारायचा, कोणासमोर, कोणत्या शब्दांत, याचा विचार आधी झाला असता तर यातल्या पुष्कळ बायका यादीत राहिल्या असत्या.

शिक्क्याचे हात वाकडे का?

१९६२ च्या निवडणुकीपासून बहुतेक ठिकाणी पेट्यांची रांग गेली आणि सगळ्या उमेदवारांची नावं-चिन्हं असलेली एकच मतपत्रिका आली. आता शिक्का मारणं आलं. ज्यांनी कागदी मतपत्रिकेवर मतदान केलंय त्यांना तो शिक्का आठवत असेल. साधी फुली नव्हती ती. फुलीची टोकं एकाच दिशेने वळलेली, स्वस्तिकासारखी.

हे वळण शोभेसाठी नाही. शिक्क्याची शाई ओली असताना कागदाची घडी घातली की समोरच्या भागावर दुसरा ठसा उमटतो. तो नेमका दुसऱ्या उमेदवाराच्या रकान्यात उमटला तर कागदावर दोन खुणा दिसतात, आणि दोन खुणांचं मत बाद. साधी फुली आरशात पाहिली तरी साधी फुलीच दिसते, म्हणून खरी कोणती आणि उमटलेली कोणती हे सांगता येत नाही. टोकं उजवीकडे वळलेल्या फुलीचा ठसा मात्र डावीकडे वळलेला उमटतो. मोजणीच्या टेबलावरचा माणूस एका नजरेत खरी खूण ओळखतो आणि मत वाचतं.

त्याच्या जोडीला घडीचा नियम होता. कागद आधी उभा दुमडायचा, मग आडवा. का? उभ्या घडीत डावी बाजू उजवीवर येते, म्हणजे शाई उमटली तरी त्याच उमेदवाराच्या ओळीत उमटते. आडवी घडी आधी घातली तर वरच्या उमेदवाराची शाई खालच्याच्या ओळीत जाते. मतदाराला यातलं काहीही कळायची गरज नाही. त्याने अजाणता केलेली चूक सोसता येईल अशी जागा कागदातच करून ठेवलेली आहे.

फ्लोरिडातलं दुसरं भोक

मांडणी चुकली तर काय होतं याचा जगातला सर्वांत गाजलेला नमुना अमेरिकेतला आहे. ७ नोव्हेंबर २००० ची अध्यक्षीय निवडणूक, फ्लोरिडा राज्यातली पाम बीच काउंटी. तिथे मतदार एका कार्डाला टोचणीने भोक पाडून मत देत. उमेदवार जास्त होते आणि काउंटीत वयस्क मतदारही पुष्कळ. नावं मोठ्या अक्षरांत बसावीत म्हणून निवडणूक अधिकाऱ्यांनी ती समोरासमोरच्या दोन पानांवर मांडली आणि भोकांची एकच उभी रांग मधोमध ठेवली. हेतू अगदी चांगला होता.

डाव्या पानावर पहिलं नाव जॉर्ज बुश, दुसरं अल गोर. उजव्या पानावर पहिलं नाव पॅट ब्यूकॅनन. मधल्या रांगेत मात्र पहिलं भोक बुश यांचं, दुसरं ब्यूकॅनन यांचं आणि तिसरं गोर यांचं. डावं पान वाचत खाली येणारा माणूस ‘माझा उमेदवार दुसरा’ असं मनात म्हणत दुसरं भोक पाडणार, हे उघड होतं.

घरातला स्विचबोर्ड आठवा. सहा बटणं एका ओळीत, आणि दिवे-पंखे खोलीभर पसरलेले. पाहुणा पंखा लावायला जातो आणि ट्यूब लागते. दोष पाहुण्याचा नसतो. बटणांचा क्रम आणि वस्तूंची जागा यांचा मेळ बसलेला नसतो. घरी तो तीन बटणं दाबून बघतो आणि चौथ्याला पंखा सापडतो. कार्डाला पडलेलं भोक बुजवता येत नाही.

पाम बीचमध्ये ब्यूकॅनन यांना ३,४०० हून जास्त मतं पडली. तो भाग त्यांचा बालेकिल्ला मुळीच नव्हता, आणि ही सगळी मतं आपली नसावीत असं त्यांनी स्वतःच जाहीरपणे म्हटलं. शिवाय सुमारे १९ हजार मतपत्रिका एकाहून अधिक भोकं पडल्यामुळे बाद झाल्या. फ्लोरिडा राज्य, आणि त्यामुळे देशाचं अध्यक्षपद, बुश यांनी ५३७ मतांनी जिंकलं.

यातली मला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट निकालाच्या आधीची आहे. नमुना मतपत्रिका आधीच मतदारांच्या घरी गेली होती. दोन्ही मोठ्या पक्षांच्या लोकांनी ती पाहिली होती आणि कोणाला काही वावगं दिसलं नव्हतं. कारण त्यांनी ती पाहिली होती. कोणी वापरून बघितली नव्हती.

यंत्र बोलायला लागतं

भारतात मतदान यंत्राची कल्पना १९७७ मध्ये पुढे आली. हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने नमुना बनवला, पुढे बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्सही त्यात आली. (भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये या कामाची धुरा वाहणारे एस. रंगराजन हे ‘सुजाता’ या नावाने लिहिणारे तमिळ साहित्यातले मोठे लोकप्रिय लेखक. आपल्याकडे हे फारसं कोणाला ठाऊक नसतं.) मे १९८२ मध्ये केरळच्या परूर मतदारसंघात ५० केंद्रांवर यंत्र पहिल्यांदा वापरलं गेलं. कायद्यात तरतूद नसल्याने १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मतदान रद्द ठरवलं आणि त्या ५० केंद्रांवर कागदावर फेरमतदान झालं. डिसेंबर १९८८ मध्ये कायदा बदलला. २००४ मध्ये लोकसभेच्या ५४३ ही जागांवर यंत्रं पोचली.

आतली सर्किटं इंजिनीअरांनी बनवली. यंत्राला रूप दिलं मुंबईच्या आयआयटीतल्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरच्या, म्हणजे आयडीसीच्या, ए. जी. राव आणि रवी पूवैया या प्राध्यापकांनी. ते रूप नीट पाहा. क्रमांक, नाव, चिन्ह, दिवा, बटण हे सगळं एका आडव्या ओळीत. एका ओळीत एक उमेदवार, एका उमेदवाराला एकच बटण. पाम बीचसारखी गफलत व्हायला जागाच नाही. बटण निळं आणि शेतात राबलेल्या बोटालाही सहज दाबता येईल एवढं मोठं. बाजूला ब्रेलमध्ये अनुक्रमांक. एका युनिटवर १६ बटणं आहेत. उमेदवार नऊच असतील तर उरलेली बटणं झाकलेली असतात, म्हणजे रिकाम्या ओळीवर मत वाया जात नाही.

यंत्र दोन भागांत आहे आणि मध्ये पाच मीटरची केबल. मतदार एकीकडे, अधिकारी दुसरीकडे. अधिकाऱ्याने बटण दाबल्याशिवाय मतदाराचं यंत्र जागं होत नाही, आणि एकदा मत दिलं की पुन्हा झोपतं. मिनिटाला चार-पाचच मतं नोंदवता येतात, त्यामुळे केंद्र बळकावून धडाधड शिक्के मारणाऱ्यांचा धंदाच बसला.

चौकट: दिवे आणि आवाज काय सांगतात

• अधिकारी कंट्रोल युनिटवरचं ‘बॅलट’ बटण दाबतो. एका दाबाला एकच मत.
• त्याच्या युनिटवर लाल ‘बिझी’ दिवा लागतो: मतदाराचं मत अजून व्हायचंय.
• मतदारासमोर हिरवा दिवा लागतो: यंत्र तयार आहे.
• निळं बटण दाबल्यावर त्याच ओळीत लाल दिवा: निवड नोंदली गेली.
• व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे दिलेलं मत चिठ्ठीवर छापून दाखवणाऱ्या जोडयंत्राच्या, काचेआड ७ सेकंद चिठ्ठी दिसते. क्रमांक, नाव आणि चिन्ह जुळतंय का ते बघावं.
• चिठ्ठी पेटीत पडल्यावर बीप: खोलीतल्या सगळ्यांना कळलं, मत झालं.
• ‘क्लोज’ बटण दाबल्यावर एकही मत घेता येत नाही, आणि त्याआधी ‘रिझल्ट’ बटण चालत नाही.

यंत्रावर शंका घेणारे आहेत, समर्थनही जोरात होतं. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कागदी मतपत्रिकेकडे परतण्याची मागणी फेटाळली. त्या वादात इथे शिरत नाही. एवढंच म्हणतो, की आत काय चाललंय हे दिसत नसलेल्या यंत्रावर माणसाने विश्वास ठेवायचा तर त्याच्या डोळ्यांना काहीतरी पुरावा द्यावा लागतो. व्हीव्हीपॅटची ती ७ सेकंदांची चिठ्ठी म्हणजे असा पुरावा. ती २०१३ मध्ये नागालँडच्या नोकसेनमध्ये पहिल्यांदा आली. माझ्या मते ती पहिल्या दिवसापासून असायला हवी होती.

कंगवा, झाडू आणि तुतारी

आता शोधण्याच्या टप्प्याकडे येऊ. नाव वाचता येत नाही त्याला चिन्ह वाट दाखवतं. आपल्या निवडणुकांमधली कितीतरी चिन्हं आयोगातले आरेखक एम. एस. सेठी यांनी पेन्सिलने काढलेली आहेत. ते १९९२ मध्ये निवृत्त झाले, त्यांची चित्रं अजून काम करतात. ती मुद्दाम ठोकळेबाज आहेत. कंगवा, झाडू, नेलकटर, टाय अशा रोजच्या वस्तू, काळ्या रेषेत, सावल्या-छटांशिवाय. बोटाच्या पेराएवढ्या जागेत, वाईट छपाईत, मोतीबिंदू असलेल्या डोळ्यालाही ओळखू आल्या पाहिजेत. त्यांत कलाकुसर शोधणाऱ्याची निराशा होईल, पण एवढ्या लोकांनी एवढ्या भरवशाने वाचलेली चित्रं देशात दुसरी नसतील. पुढे पशुपक्ष्यांची नवी चिन्हं देणं बंद झालं, कारण प्रचारात जिवंत प्राणी मिरवायला लागले. आधीची काही राहिली. गोव्यात महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचा सिंह त्यांपैकी एक. ‘नोटा’ची, म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’ या पर्यायाची, खूण मात्र अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेकडून २०१५ मध्ये करून घेतली गेली: मतपत्रिका आणि तिच्यावर काळी फुली.

चिन्ह ओळखू येणं पुरेसं नाही. ते शेजारच्यापेक्षा वेगळंही दिसलं पाहिजे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत राष्ट्रवादी काँग्रेसच्या शरदचंद्र पवार गटाचं चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’ होतं. अपक्षांसाठीच्या यादीत एक विलायती वाद्य होतं, त्याचंही मराठी नाव ‘तुतारी’ असंच; लोकांनी त्याला पिपाणी म्हटलं. साताऱ्यात या गटाचे शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी हरले आणि पिपाणीवाल्या अपक्षाला ३७,०६२ मतं मिळाली. ही सगळी मतं वाट चुकलेली होती असं सिद्ध करता येत नाही. पण जिथे फरकापेक्षा संशय मोठा होतो, तिथे मांडणी नापास झाली असंच म्हणावं लागेल. विधानसभेच्या वेळी आयोगाने माणसासह असलेली तुतारी मोठी छापायला मान्यता दिली. पिपाणी यादीत राहिलीच.

नावांचंही तेच. २०१४ मध्ये रायगडात अनंत गीते यांनी सुनील तटकरे यांना २,११० मतांनी हरवलं. रिंगणात सुनील तटकरे याच नावाचा एक अपक्ष होता, त्याला ९,८४९ मतं पडली. सारख्या नावाचे उमेदवार असतील तर व्यवसाय किंवा गाव जोडून फरक दाखवावा असा नियम आधीपासून आहे, पण मतदार कक्षात उभं राहून उपशीर्षकं वाचत नाही. चेहरा मात्र लगेच ओळखतो. म्हणून मे २०१५ पासून उमेदवाराचा फोटो आला. तो बारीक, काळपट असे. सप्टेंबर २०२५ मध्ये आयोगाने आणखी पुढचं पाऊल टाकलं: फोटो रंगीत, त्यातला तीन चतुर्थांश भाग चेहऱ्याचा, सगळी नावं एकाच वळणाच्या आणि आकाराच्या अक्षरांत. सुरुवात बिहारपासून झाली. दहा वर्षं लागली, तरी बदल अगदी नेमक्या जागी झाला.

चार मतं, एक बझर

महाराष्ट्रातल्या महापालिकांचं कोडं निराळं. २०१७ मध्ये पुणे, नागपूर, ठाणे, नाशिक अशा शहरांत चार सदस्यांचे प्रभाग होते. म्हणजे एका मतदाराने अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार बटणं दाबायची आणि चारही दाबून झाली की मग बझर वाजणार. विधानसभा-लोकसभेने मात्र वर्षानुवर्षं शिकवलेलं, की एक बटण, एक बीप, निघा. मतदार एक बटण दाबून वळायचा, यंत्र गप्प, अधिकारी मागून हाका मारायचा.

चार जागांच्या मतपत्रिकांना वेगवेगळे रंग दिले होते, हे चांगलं. तरी रंग ‘हे वेगळं आहे’ एवढंच सांगतो. ‘अजून तीन राहिलीत’ हे सांगत नाही. तेवढं सांगणारं काहीतरी मतदाराच्या नजरेसमोर हवं होतं. कक्षात डोळ्यांच्या उंचीवर मोठा ‘४’ आणि खाली ‘चार बटणं दाबा, मगच आवाज येईल’ एवढं ठसठशीत लिहिलं असतं तरी निम्म्या हाका वाचल्या असत्या. हा प्रश्न इंजिनीअरच्या हद्दीत येत नाही आणि कारकुनाच्याही. दोघांच्या मधोमध तो पडून राहतो, आणि डिझायनरची जागा तिथेच आहे.

तपासायचं कसं

पाम बीचनंतर अमेरिकेतले ग्राफिक डिझायनर या कामात उतरले. शिकागोत मार्शा लॉसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुक काउंटीची मतपत्रिका नव्याने मांडली आणि ‘डिझाइन फॉर डेमॉक्रसी’ या उपक्रमातून नियम तयार केले. ते ऐकायला अगदी साधे आहेत. सगळं डावीकडून सुरू करा, मधोमध मांडू नका. एकच अक्षरवळण वापरा. सूचना सोप्या भाषेत, जिथे लागेल तिथेच द्या. सजावटीची चित्रं काढून टाका. पुढे डेना चिझनेल आणि व्हिटनी क्वेझेनबेरी यांनी ‘सेंटर फॉर सिव्हिक डिझाइन’ उभं केलं आणि छोट्या कार्यालयांनाही परवडेल अशी तपासणीची पद्धत रुजवली.

ती पद्धत कोणालाही जमेल अशी आहे. पाच-सहा माणसं घ्या, ऑफिसातली नकोत. त्यांच्या हातात नमुना द्या, एक काम सांगा: ‘अमुक चिन्हाला मत द्या’ किंवा ‘हा अर्ज भरा’. मग गप्प बसा. हे गप्प बसणंच सर्वांत अवघड. बोट कुठे थबकतं, नजर कुठे मागे जाते, ओठ कुठे पुटपुटतात, ते टिपा. ‘आवडलं का?’ असं विचारूच नका. आपल्याकडे समोरच्याचं मन राखायला माणसं ‘छान आहे’ म्हणतात. तिघे एकाच जागी अडले तर दोष कागदाचा.

परक्या नियमांतलं सगळंच इथे चालत नाही. कॅपिटल अक्षरं की स्मॉल, हा इंग्रजीतला प्रश्न देवनागरीत नाही. आपली अडचण वेगळी आहे. वर वेलांट्या, रफार, अनुस्वार, खाली उकार. त्यांना जागा ठेवायची तर मधलं अक्षर आक्रसतं. म्हणून एकाच मापात छापलेलं मराठी इंग्रजीपेक्षा बारीक दिसतं, आणि ओळी जवळ आणल्या की वरचा उकार खालच्या वेलांटीला भिडतो. संगणकावरचा ‘मंगल’ फॉन्ट घडवणारे र. कृ. जोशी आयडीसीतच शिकवत; लिपीचा हा स्वभाव त्यांना पुरता ठाऊक होता. सरकारी अर्जांचे मसुदे करणाऱ्यांना तो ठाऊक असल्याचं अर्ज बघून तरी वाटत नाही. इंग्रजी नमुन्यातली जागा तशीच ठेवून तिच्यात मराठी कोंबलेलं असतं.

एक तक्रार मात्र डिझायनरांचीही करायला हवी. निवडणूक आली की त्यांना बोलावणं येतं ते ‘मतदान करा’ असं सांगणाऱ्या पोस्टरसाठी, आणि तेही तेवढ्यावर खूश असतात. पोस्टर भिंतीवर दिसतं, बक्षीस मिळवतं. मतदार नोंदणीच्या ‘नमुना ६’ अर्जाला बक्षीस नाही. पण नाव यादीत आलं नाही तर पोस्टर वाचून करायचं काय?

कला महाविद्यालयांच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी एक सकाळ तहसील कार्यालयात खिडकीसमोर उभं राहून काढावी आणि लोक कोणत्या रकान्यापाशी शेजाऱ्याला विचारतात ते लिहून आणावं. प्रकल्पाचा विषय तिथेच मिळेल. आणि बाकीच्यांनी एवढं करावं: निवडणुकीआधी मतदान यंत्राची प्रात्यक्षिकं होतात, तिथे घरातल्या ज्येष्ठांना घेऊन जा, बटण त्यांना दाबू द्या, आणि ते अडले तर कुठे अडले ते तिथल्या अधिकाऱ्याला लेखी कळवा.